चौथ्या साच्यावरचं वाक्य

मंगळवार, ३ ऑक्टोबर १९३३

शनिवारच्या नोंदीत चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. नाटकाच्या शेवटी मिस फेनविक कापड विणायच्या साच्यापाशी गप्प उभ्या राहतात ते प्रथेमुळे, असं मी लिहिलं होतं. नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी कुणी मोठ्याने म्हणायचं नाही, म्हटलं तर नाटक पडतं, ही समजूत मी थिएटरात कामाला लागले त्याच आठवड्यात शिकले होते. म्हणून तालमीत मिस फेनविक ते वाक्य नुसतं ओठांवर आणत आणि सोडून देत. पण शनिवारी त्यांचे ओठही हलले नाहीत, आणि त्याचं कारण प्रथा नव्हतं. ते वाक्य आता नाटकात नाहीच. लंडनच्या साहेबांनी परवाना देताना ते कापलं. मॅनेजर टॅटरसॉल साहेबांना हे शुक्रवारीच कळलं होतं. मला त्यांनी आज सांगितलं. मी प्रॉम्प्टर आहे, संहितेतला शब्द न् शब्द माझ्या जबाबदारीवर असतो, आणि मलाच सगळ्यात शेवटी कळावं याचा रागही आला.

नाटक मिस्टर सायलस ऑर्मरॉड यांचं. त्यांचं नाव इंग्लंडात कुणाला माहीत नाही असं नाही. पण ते आमच्या थॉर्नशॉचे, विणकरणीच्या पोटचे, आणि आपल्या गावावर त्यांनी लिहिलेलं हे पहिलंच नाटक. म्हणून लंडनच्या आधी ते इथे होणार. नाव ‘चौथा साचा’. नॅन नावाची विणकरीण कालव्यात जीव देते. का, ते कुणी बोलत नाही. शेवटी तिची मैत्रीण एल्सी, म्हणजे मिस फेनविक, सगळ्या साचेखात्याकडे वळते आणि म्हणते:

“नॅनचा साचा बिघडला नव्हता. त्याने बिघडवला, तिला कोठीत बोलावता यावं म्हणून. आणि आपण सगळे बघत होतो.”

त्याने म्हणजे जॉबरने, साचे दुरुस्त करणाऱ्या मुकादमाने; कोठी त्याच्या सामानाची. एवढंच वाक्य. या वाक्याने कामगारांत असंतोष पसरेल, आणि त्यात स्त्रीच्या शीलाविषयी नको ती सूचना आहे, असं लंडनच्या साहेबांचं म्हणणं.

“एक वाक्य गेलं पोरी, नाटक राहिलं,” टॅटरसॉल साहेब म्हणाले. “ते वाक्य बोललं गेलं तर थिएटरला कुलूप लागेल. आणि प्रयोगानंतर अहवालावर सही तुझी असते, विसरू नकोस.”

विसरलेले नाही. मंजूर संहितेबाहेरचा एकही शब्द बोलला गेला नाही, असं मी दर प्रयोगानंतर लिहून देते. आजवर ते खरं होतं.

मिस्टर ऑर्मरॉड यांना मी ते पान नेऊन दाखवलं. ते चहा पीत होते. “बरंच झालं,” म्हणाले. “शांतता जास्त बोलते, मिस शोरॉक.” मी ते लगेच टिपून घेतलं, थोर माणसाचं बोलणं म्हणून. आता इथे उतरवते आहे तर ती शांतता नेमकं काय बोलते ते मला सांगता येत नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

आणखी एक नोंद अपुरी आहे. गेल्या आठवड्यात आई आणि शेजारची पॉली मावशी तालमीला आल्या होत्या. साच्यापाशी उभं कसं राहायचं, तुटलेला धागा कसा जोडायचा, हे लंडनच्या मंडळींना दाखवायला त्यांना बोलावलं होतं. शेवटचा प्रवेश त्या गॅलरीत बसून पाहत होत्या. मिस फेनविकांनी शेवटचं वाक्य ओठांवर आणलं आणि आई उठून निघून गेली. तिला रंगाचा वास सहन झाला नाही, असं मी लिहिलं होतं. तिनेच तसं सांगितलं होतं. पण त्या दिवशी रंगकाम नव्हतं, हे मला आज आठवलं.

तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही. पॉली मावशी आज दारातूनच सांगून गेली, “तुझ्या आईचा साचा काल अर्धा दिवस बंद होता गं. जॉबर चार हातांवर उभा. पण ही बया हाक मारेल तर शपथ. ॲप्रनमधून पाना काढला आणि स्वतःच शिरली खाली. तोंडाला ग्रीस फासून बाहेर आली, नाताळातल्या सोंगासारखी.”

यात नवीन काही नाही. कापड वाया जावो, मजुरी कापली जावो, आई जॉबरला आपल्या साच्याला हात लावू देत नाही. मी लहान होते तेव्हापासून हे असंच आहे. अभिमानी आहे फार. बाबा युद्धावरून परत आले नाहीत तेव्हाही तिने कुणाची मदत घेतली नव्हती.

शनिवार, ७ ऑक्टोबर

नाटकाच्या पुस्तिकेत मिस्टर ऑर्मरॉड यांचं छोटंसं चरित्र छापायचं आहे, ते मी लिहायचं असं ठरलं. म्हणून आज स्टेशनजवळच्या हॉटेलात त्यांना भेटले. त्यांनी मोठ्या हौसेने वजडी आणि कांदा मागवला, एक घास खाल्ला आणि बशी बाजूला सारली.

“लिहा,” ते म्हणाले. “जन्म थॉर्नशॉ. बालपण कष्टात.”

“कसल्या कष्टात, सर?”

“कष्टात म्हणजे कष्टात. लोकांना कालवणाची चव पुरते, चुलीचा धूर कशाला?”

“तुम्ही अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत असायचा, असं आई म्हणाली.”

“कोण तुमची आई?”

“हॅना शोरॉक. माहेरची हार्ग्रीव्ज.”

त्यांचा चमचा कपात फिरत राहिला. चहात साखर नव्हती. “हॅना हार्ग्रीव्ज,” म्हणाले. “आहे अजून?”

“आहे म्हणजे? चार साचे चालवते.”

“मला वाटलं होतं...” एवढं म्हणून ते थांबले आणि एकदम लंडनविषयी सांगू लागले. मी भराभर लिहून घेतलं. एकोणिसाव्या वर्षी एका कापड-दलालाकडे कारकून. पहिलं नाटक कापडाच्या नमुन्यांच्या पुठ्ठ्यांवर मागच्या बाजूने लिहिलं. ‘डचेसची न्याहारी’ दोन वर्षं चाललं, मग ‘उसने हातमोजे’, मग वर्षाला एक. इंग्लंडातली सगळ्यात हलकी लेखणी, असं एका समीक्षकाने म्हटलं. ते त्यांनी मला दोनदा सांगितलं. आता सरदारकीचीही कुजबुज आहे. ते स्वतः काही बोलले नाहीत, टॅटरसॉल साहेब मात्र गावभर सांगत फिरतात.

त्यांची सगळी नाटकं मी वाचनालयातून आणून वाचली आहेत. मनात आलेलं लपवून चरित्र लिहिणं मला बरं वाटेना, म्हणून म्हटलं, “तुमच्या नाटकांत काम करणारी बाई एकही नाही, सर. फक्त ट्रे आणून ठेवणाऱ्या मोलकरणी. त्याही लगेच निघून जातात.”

ते हसले. “ट्रे नसेल तर नटांनी हात कुठे ठेवायचे?”

“मग हे नाटक का लिहिलंत?”

“वय झालं की माणसाचे पाय नको त्या गल्लीत वळतात,” म्हणाले, आणि बिल मागवलं.

त्यांना काय वाटलं होतं ते राहूनच गेलं. आई गाव सोडून गेली असेल, असं वाटलं असावं.

रविवार, ८ ऑक्टोबर

चर्चहून आल्यावर पॉली मावशी आमच्याकडेच जेवायला थांबली. बटाटा-मटण होतं. ती म्हणाली, “एवढं रामायण लिहिलं मेल्याने, आणि शेवटी ती बाई नुसती उभी. आमचा कुत्रा असाच दारात उभा राहतो. आत यायचंय की बाहेर जायचंय, त्यालाही सांगता येत नाही.”

मी म्हटलं, वाक्य होतं, ते कापलं. काय होतं ते मला सांगता येणार नाही.

आई बशीतून वर न बघता म्हणाली, “नॅनचा साचा बिघडला नव्हता. त्याने बिघडवला, तिला कोठीत बोलावता यावं म्हणून. आणि आपण सगळे बघत होतो.”

माझ्या हातातला काटा तसाच राहिला. “तू कुठे ऐकलंस? ते कुणी कधी मोठ्याने म्हटलेलंच नाही.”

“ऐकलं नाही. पाहिलं.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साच्यांच्या आवाजात माणसाचा आवाज ऐकू येत नाही. खात्यातल्या बायका ओठांनी बोलतात, तोंड मोठं करून, चेहरा वापरून. या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडणंसुद्धा करतात. ओठबोली इथल्या प्रत्येक घरात आहे. बहिऱ्या आजीशी आम्ही तशीच बोलायचो. फक्त मीच ती टाकून दिली. मोठ्या शाळेत गेले तेव्हा बाई सारख्या म्हणायच्या, तोंड वेडंवाकडं करू नकोस, शोरॉक. घरातून त्या शाळेत गेलेली मी पहिली. मी तोंड सरळ ठेवायला शिकले.

“मला नाही बाई दिसलं काही,” पॉली मावशी म्हणाली. “ती फेनविक बोलते म्हणजे बटणाच्या काजातून वारा गेल्यासारखं.”

आई उठून बशा विसळायला लागली.

मंगळवार, १० ऑक्टोबर

रविवारपासून एकच विचार डोक्यात आहे. लंडनच्या साहेबांनी वाक्य बोलायला मनाई केली आहे. ओठबोलीत कुणी काही बोलत नाही. आवाजच नसतो. लंडनच्या माणसाला एक बाई उभी दिसेल. गॅलरीतल्या विणकरणींना मात्र वाक्यच्या वाक्य मिळेल. ही पळवाट आहे की खोटेपणा, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहते आहे. हावभावांवरही नियम आहेत असं ऐकून होते, म्हणून टॅटरसॉल साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

“हावभाव अश्लील नसला म्हणजे झालं,” ते म्हणाले.

“ओठ हलवणं अश्लील असतं का?”

“कुणाचे ओठ, त्यावर आहे,” म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

गिरणी या आठवड्यात तीनच दिवस चालू आहे, आज बंद होती. मी मिस फेनविकांना विचारलं. त्या लगेच तयार झाल्या. “मला आवडतं असलं काहीतरी, लाडके.” पॉली मावशीला गॅलरीत बसवलं. आईला बोलावलं होतं, ती आली नाही. मिस फेनविकांनी वाक्य ओठांनी म्हटलं, अगदी मन लावून.

“काय दिसलं, मावशी?”

“तिचा चहा बिघडला नव्हता,” वरून आवाज आला. “त्याने बिस्कीट बुडवलं.”

मिस फेनविक पोट धरून हसल्या. पुन्हा म्हटलं. या वेळी पॉली मावशीला कोठीच्या जागी गोठा दिसला आणि त्यात गाय. तोंड आमच्याकडचं असल्याशिवाय जमणार नाही हे उघड झालं. मला एवढंच कळत नाही, आईने पहिल्याच वेळी सगळं बिनचूक कसं वाचलं? नजर चांगली आहे तिची, पण पॉली मावशीची काही वाईट नाही.

हसण्याचा आवाज ऐकून टॅटरसॉल साहेब आले. त्यांना सगळं सांगावं लागलं. खोटं मला जमत नाही. ते हसले नाहीत. “जो कुणी हा प्रकार करेल तो त्याच दिवशी घरी जाईल, आणि त्याला दाखला मिळणार नाही,” म्हणाले. मिस फेनविक नंतर विंगेत माझा हात धरून म्हणाल्या, “मला लंडनला परत जायचंय, लाडके. तिथे मला कामं लागतात.” त्यांना दोष कसा देऊ? मलाही काम लागतं. आजी अंगठा उठवायची. आईने माझ्या शाळेच्या गणवेशासाठी सहा साच्यांचं काम अंगावर घेतलं होतं. आणि आता तर इथल्या गिरण्यांतही कुणाला घेत नाहीत.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी आई थिएटरपाशी आली. रविवारची टोपी घालून. मी समोरच्या दुकानात, काचेच्या दाराशी होते. मिस्टर ऑर्मरॉड थिएटरच्या पायऱ्या उतरत होते. कोपऱ्यावरून ट्राम खडखडत जात होती, त्यामुळे कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. आई रस्त्याच्या अलीकडे, माझ्यासमोरच थांबली आणि तिथूनच त्यांच्याशी ओठांनी बोलली. तिची पाठ माझ्याकडे होती, तिचं बोलणं मला दिसलं नाही. त्यांचा चेहरा दिसला. राजवाड्यात जेवलेला माणूस, पण तोंड उघडलं ते खात्यातल्या पोरासारखं, मोठं, दात दिसतील असं. ते म्हणाले, “मी लहान होतो, हॅना.”

आईची पाठ हलली. मग ते म्हणाले, “मला वाटलं तू गेलीस.”

मग त्यांनी टोपी काढली आणि आई चालायला लागेपर्यंत तसेच उभे राहिले. मागून येणाऱ्या बाईची छत्री त्यांना लागली, तरी हलले नाहीत.

संध्याकाळी आईला विचारलं, त्यांना काय म्हणालीस. “म्हटलं टोपी घाल, सर्दी होईल.”

त्याच खात्यात लहानपणी एकत्र होते म्हणजे ओळख असणारच. पण ओळखीच्या माणसाला भेटून आल्यावर कुणी भिंतीकडे तोंड करून बसत नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

पुस्तिकेचं कच्चं छापील पान आलं. मी लिहिलं होतं, “बालपणी थॉर्नशॉच्या गिरणीत, साचेखात्यात अर्धवेळ कामाला.” मिस्टर ऑर्मरॉड यांनी ते खोडून “बालपण कष्टात” केलं होतं. मी पुन्हा माझं वाक्य घातलं आणि समासात लिहिलं: हे खरं आहे, सर.

सोमवार, १६ ऑक्टोबर

पान परत खोडून आलं. मी परत घातलं. मला स्वतःचं आश्चर्य वाटतं. मी दुकानात उरलेले सुटे पैसेसुद्धा भीत भीत मागते.

दुपारी ते तालमीला आले आणि प्रेक्षागृहात एकटेच बसले. मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “थॉर्नशॉची कुठलीही बाई ते वाक्य ओठांनी म्हणू शकेल, सर. तुम्ही टॅटरसॉल साहेबांना सांगितलंत तर ते ऐकतील.”

“आणि त्या बाईचं पुढे काय होईल?” ते म्हणाले. “बसा, मिस शोरॉक. लंडनच्या या साहेबांशी मी तीस वर्षं सौदे करतो आहे. एक शब्द द्यायचा, दोन घ्यायचे. शिवी कापू दिली की बिछान्याचा प्रसंग मिळतो. धर्मगुरू कापू दिला की घटस्फोट मिळतो. नाटकं अशीच जगतात.”

“या वेळी काय मिळालं?”

 रंगमंचावर सुतार चौथा साचा बसवत होते, तिकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, “ते वाक्य माझं नाहीच. मी उचललंय.”

“कुणाचं?”

“तुम्ही फार विचारता.”

“वाक्य कुणाचं आहे ते बघणं हेच माझं काम आहे, सर. प्रॉम्प्टर आणखी काय करतो?”

यावर ते मला नीट न्याहाळून बघत राहिले. मला वाटलं, आता तक्रार करणार. पण म्हणाले, “तुमची हनुवटी तिच्यासारखीच आहे. ऐका. मी तुम्हाला अडवणार नाही. मदतही करणार नाही. मी नेहमी एवढंच करत आलो. लोकांना त्यात विनोद दिसतो.”

मला राग यायला हवा होता. कीव आली, आणि मग कीव आली याचा राग आला. एवढा मोठा माणूस, सगळं लंडन त्याच्या एका वाक्यासाठी थांबतं, आणि स्वतःचं असं एक वाक्य त्याला सांभाळता येत नाही. चूक. स्वतःचं नाही. उचललेलं.

बुधवार, १८ ऑक्टोबर

शेवटच्या प्रवेशात नॅनच्या जागी नवीन मुलगी घेतात. ती चौथ्या साच्यावर उभी राहते, बोलायचं काही नाही. ते काम करणाऱ्या मुलीला बर्नली गावच्या गिरणीतून बोलावणं आलं आणि ती काल निघून गेली. टॅटरसॉल साहेब सकाळपासून डोकं धरून होते. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

“तू उभी राहा.”

“मी प्रॉम्प्टर आहे, साहेब. पुस्तक कोण धरणार?”

“शेवटच्या प्रवेशात शब्दच कुठे राहिलेत? काय सांगणार आहेस तू, आणि कुणाला? शाल घे, लाकडी बूट घाल आणि गॅलरीकडे तोंड करून उभी राहा. तुझ्या घराण्यात तेवढं येत असेल.”

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर भीती वाटली, आणि तिच्याखाली अगदी स्पष्ट आनंद होता. त्यांना वेळीच सांगावं का, यावर तासभर विचार केला. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी मुलगी आणली असती. मी काय करणार आहे हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर मी सांगेन.

तालमीनंतर मिस फेनविक म्हणाल्या, “शेवटी मी दोन पावलं डावीकडे सरकणार आहे, लाडके. मधल्या दिव्याची फार धग लागते.” मी म्हटलं, तो दिवा तर लांब आहे, तिथे धग लागायचं कारण नाही. त्या म्हणाल्या, “मला लागते.” त्या सरकल्या की दिव्याचा सगळा उजेड चौथ्या साच्यावर पडतो.

पुस्तिकेचं पान परत आलं. माझं वाक्य तसंच होतं. बाजूला त्यांची आद्याक्षरं होती, बाकी एक शब्द नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

आज गिरणी बंद, आई घरी. दुपारी ती इस्त्री करत होती. मी सरळ सांगितलं, सोमवारी मी काय करणार आहे, आणि नंतर माझी नोकरी जाईल.

तिने इस्त्री बाजूला ठेवली. “म्हणून दाखव.”

मी ओठांनी म्हणून दाखवलं.

“काही दिसत नाही. शाळेने तुझं तोंड शिवून टाकलंय. ओठ दातांपासून सोड. ‘बिघडवला’ म्हणताना घाई करतेस. भुवया कशाला वर नेतेस, कुणाला चहा विचारायचाय? असं.”

ती स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि करून दाखवलं. इतकं स्वच्छ की मला आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. मी परत केलं. तिने परत थांबवलं.

“कुणाला सांगतेयस?”

“गॅलरीला.”

“गॅलरीला कुणी सांगतं का? एकीला सांग. शेवटच्या बाकावर जी बसली असेल तिला. बाकीच्या आपोआप वाचतील.”

मी पुन्हा म्हटलं. या वेळी ती मान हलवत राहिली. “नॅनचा नाही. माझा. ‘माझा साचा बिघडला नव्हता.’ आणि ‘तिला कोठीत’ नाही, ‘मला’. आणि शेवटी ‘आपण’ नाही. ‘तुम्ही सगळे बघत होता.’”

“पण आई, संहितेत तसं नाही.”

“संहितेतून ते काढून टाकलं ना? मग आता ते शब्द कुणाचे?”

“नाटकात नॅन मेली आहे. मेलेली बाई ‘माझा’ कसं म्हणेल?”

“मेलेल्या बाईची बाजू सगळेच घेतात,” आई म्हणाली. “तिच्यासमोर कुणाला रोज बसायचं नसतं. जिवंत राहिली की ती चर्चमध्ये पुढच्या बाकावर दिसते, पाव घ्यायला रांगेत उभी असते. लोकांना फार अडचण होते तिची.” मग म्हणाली, “सायलसला बुडवायला कालवा बरा सापडला.”

ती बोलत होती तेव्हा तिचे हात टेबलाच्या कडेवर होते, साच्यावर असतात तसे. मी विचारायला तोंड उघडलं. तिनेही ते पाहिलं, आणि नजर हलवली नाही. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, याची मला खात्री आहे. पण मी विचारलं नाही. ते मला माहीत नाही, असं लिहिणं आज खोटं होईल; माहीत आहे, असं लिहायला तिने मला सांगितलेलं नाही. एवढंच लिहिते की मी पुन्हा म्हटलं, या वेळी ‘माझा’ आणि ‘मला’, आणि ती म्हणाली, “दिसलं.”

मग तिने इस्त्री उचलली. ती थंड झाली होती.

रविवार, २२ ऑक्टोबर

भीती कशाकशाची वाटते ते एकदा लिहून टाकते, म्हणजे उद्या डोक्यात जागा उरेल. नोकरी जाईल. दाखला मिळणार नाही. टॅटरसॉल साहेब वाईट माणूस नाहीत, आणि त्यांना लंडनला उत्तर द्यावं लागेल. माझं नियमाचं वाचन चुकीचंही असू शकेल. मी वकील नाही. ऐन वेळी माझं तोंड पुन्हा शाळेतल्यासारखं मिटेल, आणि बायकांना बिस्कीट बुडवलेलं दिसेल. शेवटची भीती सगळ्यात मोठी आहे.

पॉली मावशीने गेल्या दोन दिवसांत गावातल्या पाचही गिरण्या पालथ्या घातल्या. काय होणार आहे ते तिने कुणाला सांगितलेलं नाही, “डोळे घेऊन या” एवढंच सांगितलं. गॅलरी भरली आहे, आणि सगळ्या बायकाच. लंडनचे परवान्याचे गृहस्थ बाजूच्या बॉक्समध्ये बसणार आहेत. त्यांना शेवटच्या शांततेविषयी आधीच सांगून ठेवलं आहे आणि ते ती बघायला उत्सुक आहेत, असं टॅटरसॉल साहेब म्हणाले.

चर्चबाहेर मिस्टर ऑर्मरॉड दिसले. आपल्या जागेचं तिकीट बदलून घेतलं म्हणाले. खालच्या मखमली खुर्च्या सोडून वर गॅलरीत बसणार आहेत. “तिथून काही ऐकू येत नाही, सर,” मी म्हटलं. ते म्हणाले, “ऐकायला येणारच नाहीये मी.”

आईने आज सकाळी मला विचारलं, पहिल्या रांगेतून चांगलं दिसतं की शेवटच्या. मी म्हटलं, शेवटच्या. तिने मान हलवली आणि मोजे दुरुस्त करायला घेतले.

कुणी विचारलं की हे का केलंस, तर मी सांगेन की एका बाईचं वाक्य अडवलेलं होतं आणि मी ते पोहोचवलं. ते अडवण्याचा अधिकार लंडनला होता की नाही, ते त्यांनी बघावं. मला परवानगी नको आहे. माझं तोंड आहे, आणि ते मी आता सरळ ठेवणार नाही.

शेवटच्या प्रवेशात, मिस फेनविक डावीकडे सरकल्या की, चौथ्या साच्यावरून, ‘माझा’ आणि ‘मला’. उद्या, सोमवार, २३ ऑक्टोबर १९३३.